मारलवाईचा पाहुणा



पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढे यजमान जे करील तो त्याचा सदका, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आहे. त्याच शिकवणीत पाहुण्यालाही ताकीद आहे की, यजमान अडचणीत येईल इतका मुक्काम त्याने करू नये. या शिकवणीचा पहिला भाग आपल्या घराघरांत सर्वांना ठाऊक असतो. मेहमान आला की दस्तरखान अंथरले जाते, चांगली भांडी बाहेर निघतात, मुलांना गप्प बसवले जाते. पाहुण्याने कसे वागावे, हा दुसरा भाग मात्र आपण घाईने सोडून देतो.

आणि पाहुणा तीन दिवसांसाठी न येता काही वर्षांसाठी आला तर? तो दूरच्या थंड मुलखातून आपल्या उन्हात आला असेल, त्याची भाषा, धर्म, जेवण सगळेच वेगळे असेल, तर त्याचा दिवस कसा जातो? फावल्या वेळात तो काय करतो? ज्यांच्या अंगणात राहिला, त्यांना काय देऊन जातो? या महिन्यात अशाच एका पाहुण्याविषयी लिहायचे आहे. त्याचे घर आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या डोंगरात होते.

उन्हाच्या देशातले परके

परक्या माणसाला हिंदुस्थानचा उन्हाळा सोसवत नाही, हे नवे नाही. बाबर १५२६ मध्ये पानिपत जिंकून आग्र्याला आला आणि त्याने आपल्या आठवणींत इथे काय काय नाही याची यादीच लिहिली. बर्फ नाही, चांगली खरबुजे नाहीत, हमाम नाहीत. पुढे काबूलकडचे खरबूज कापून खाताना आपल्याला रडू आले, हेही त्याने लपवले नाही. पण हाच माणूस इथल्या आंब्याचे, पक्ष्यांचे, जनावरांचे बारकाईने वर्णन करतो. यमुनेकाठी त्याने बागा लावल्या. बाग हा त्याचा शौक होता, आणि त्या बागेत बसले की त्याला आपल्या मुलखात असल्यासारखे वाटत असावे.

त्याच्या पाचशे वर्षे आधी अल-बिरुनी आला. महमूद गझनवीच्या स्वाऱ्यांचा तो काळ. बिरुनीने इथे संस्कृत शिकायला घेतली, पंडितांकडून ग्रंथ समजून घेतले आणि इ.स. १०३० च्या सुमारास ‘किताब-उल-हिंद’ पूर्ण केली. ज्या सुलतानाच्या राज्यात तो राहत होता, त्याच्या स्वाऱ्यांनी इथल्या लोकांचे किती नुकसान केले, तेही त्याने त्यात नोंदवले. बाबराने आपल्या घरची आठवण इथल्या मातीत लावली, बिरुनीने यजमानांची भाषा शिकली. परदेशात राहणाऱ्याला हे दोन्ही मार्ग मोकळे असतात. दुबई-रियाधला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या भावांनाही ते मोकळे आहेत.

आपल्या विदर्भातही असे लोक येऊन राहिले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, ते स्कॉटलंडचे पाद्री स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांचे काम धर्मप्रचाराचे आणि शाळेचे. नाद मात्र दगडांचा. नागपूर आणि चांदा भागातून त्यांनी लाखो-कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म गोळा केले. त्याचबरोबर गोंड लोकांच्या कथा आणि शब्दही टिपून ठेवले. १८६३ मध्ये नदी ओलांडताना ते बुडून वारले. त्यांच्या कागदांतून १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी मध्य प्रांतातील आदिवासींवरचे पुस्तक छापले. म्हणजे गोंडी कथा कागदावर उतरवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक शाळामास्तर होता, आणि ते काम त्याने पगारासाठी केले नव्हते.

व्हिएन्नाचा माणूस डोंगरात

आता मारलवाईकडे येऊ. राजुऱ्याहून जिवतीच्या डोंगराळ भागात चढून पुढे सीमा ओलांडली की तेलंगणचा कुमुराम भीम आसिफाबाद जिल्हा लागतो. तिथल्या जैनूर मंडलात मारलवाई हे गोंड लोकांचे गाव आहे. १९४१ मध्ये ही सीमा नव्हती. मारलवाई आणि आपला राजुरा तालुका, दोन्ही निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. राजुरा चांदा जिल्ह्यात आला तो १९५९ मध्ये. त्यामुळे ही गोष्ट ‘तिकडची’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही. सोयरिकी, बाजार आणि जत्रा आजही दोन्हीकडच्या एकच आहेत.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ मध्ये ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात, एका खानदानी घराण्यात झाला. मानववंशशास्त्र हा त्यांचा विषय. १९३६-३७ मध्ये ते नागा टेकड्यांत राहून आले होते. १९३९ मध्ये पत्नी एलिझाबेथ, म्हणजे बेटी, हिच्यासह ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया तोवर हिटलरने गिळली होती. त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्या खिशात जर्मन पासपोर्ट होता आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बेटी स्वतः इंग्रज. शेवटी त्यांना निजामाच्या राज्याच्या हद्दीतच राहण्याची सक्ती झाली.

घरी परत जाता येत नाही आणि ठरलेल्या हद्दीबाहेर पडता येत नाही, अशी वेळ कुणावर आली तर तो दिवस मोजत बसेल. या जोडप्याने त्या हद्दीत कोण कोण राहते, ते पाहायला सुरुवात केली. आधी नल्लमलाच्या जंगलातले चेंचू, मग गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी, आणि १९४१ पासून आदिलाबादचे राज गोंड. मारलवाई हा त्यांचा मुख्य मुक्काम झाला. तिथे ते गावकऱ्यांसारख्याच माती-बांबूच्या, गवताने शाकारलेल्या घरात राहिले.

या डोंगरातले वर्ष कसे असते, ते आपल्याला सांगायला नको. मार्च-एप्रिलला पहाटे मोहफुले वेचायची. मे महिन्यात तेंदूपाने, आणि ऊन असे की दुपारी पाखरू दिसत नाही. जूनमध्ये पाऊस आला की नाले भरतात आणि गाव जगापासून तुटते. पावसाळा उतरताना मलेरियाचा ताप. त्या काळी वीज नाही, पक्का रस्ता नाही, बैलगाडी किंवा पायी प्रवास. थंड देशातल्या माणसाने असे वर्ष काढणे ही साधी गोष्ट नव्हती. बेटी या सगळ्यात बरोबरीने होती. ‘राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे १९४८ चे पुस्तक दोघांच्या एकत्र कामातून झाले आणि तिचे नाव त्यावर आहे. आपल्याकडे नवऱ्याच्या नोकरीच्या गावी गेलेल्या बाईचे काम कुणी मोजत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

त्यांचा दिवस कशात जाई? लोकांबरोबर बसण्यात. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. ते किंगरी वाजवत कुळांच्या उत्पत्तीच्या कथा गातात. त्या लांबच लांब कथा हायमेनडॉर्फ ऐकत आणि लिहून घेत. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे ही गोंडांतली विभागणी आपण चंद्रपूर-गडचिरोलीत नेहमी ऐकतो. कुणाची सोयरीक कुणाशी होते आणि कुणाशी होत नाही, ते यावरून ठरते. त्यामागच्या कथा काय आहेत, पेरसापेनची पूजा कशी होते, पेरणीपूर्वी काय करतात, माणूस गेल्यावर काय करतात, हे त्यांनी महिनोन्महिने पाहून टिपले.

दुसरा नाद कॅमेऱ्याचा. हजारो छायाचित्रे आणि तासन्‌तासांचे चलचित्रण त्यांनी आयुष्यभरात केले. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे दिवस येतात. मोरपिसांचे मोठे मुकुट घातलेले गुसाडी नाचत एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात आणि यजमान गाव त्यांना जेवू घालते. तो नाच जंगलाबाहेरच्या जगाला माहीत होण्यात या कॅमेऱ्याचाही वाटा आहे. त्यांचा हा साठा आता लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत आहे.

इथवर ही एका हौशी विद्वानाची गोष्ट झाली. असे अनेक येऊन गेले. त्यांनी लिहून घेतले, फोटो काढले, पुस्तक छापले आणि निघून गेले. ज्यांचे फोटो काढले, त्यांच्या हाती काही आले नाही. मारलवाईत पुढे जे झाले ते वेगळे होते, म्हणून हा लेख.

जोडेघाटनंतर

हायमेनडॉर्फ मारलवाईला आले, त्याच्या आदल्याच वर्षी, १९४० मध्ये, जोडेघाटला कुमराम भीम पोलिसांच्या गोळीने मारले गेले होते. जंगल राखीव झाले, पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन बेकायदा ठरली, बाहेरून आलेल्यांच्या नावावर पट्टे चढले, जंगलखात्याचा शिपाई दंड आणि लाच दोन्ही घेऊ लागला. त्याविरुद्ध भीम उभे राहिले. लहानपणी गाव सुटल्यावर ते काही काळ चंद्रपूरला एका छापखान्यात राहिले आणि तिथे लिहा-वाचायला शिकले, असे त्यांच्या चरित्रकथेत सांगतात. म्हणजे त्या लढ्याचा एक धागा आपल्या शहरातूनही जातो.

इथे आपल्याला, मुस्लिम वाचकांना, थोडे थांबावे लागेल. ते राज्य निजामाचे होते. सरकारी कागद उर्दूत होते. ज्या नोटिशीने गोंडाची जमीन जात होती, ती त्याला वाचता येत नव्हती. उर्दू ही आपल्या घरची गोड भाषा आहे, मी ती रोज शिकवते. पण भाषा गोड असली तरी ज्याला ती येत नाही, त्याच्या हातातला हुकूमनामा कडूच असतो. इन्साफ करताना तो स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या विरुद्ध जात असला तरी मागे हटू नये, ही कुरआनची स्पष्ट शिकवण आहे. म्हणून जोडेघाटची गोष्ट आपल्या मुलांनाही पूर्ण सांगितली पाहिजे. ती कुण्या धर्माविरुद्धची लढाई नव्हती. जमीन, जंगल आणि पाणी यांसाठीची होती.

त्याच गोष्टीची पुढची बाजूही सांगितली पाहिजे. गोळीबारानंतर त्याच सरकारला हे का घडले, ते समजून घ्यावेसे वाटले. डोंगरात राहणाऱ्या या परदेशी माणसाकडे त्याचे उत्तर होते, कारण तो लोकांमध्ये राहत होता. हायमेनडॉर्फ यांनी गोंडांच्या जमिनींची परिस्थिती सरकारला कळवली. पुढे १९४५ मध्ये ते निजाम सरकारचे आदिवासी विषयाचे सल्लागार झाले आणि उस्मानिया विद्यापीठात शिकवूही लागले. आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून नियम झाले आणि हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले.

केसलापूरला पुष्य अमावास्येला मेसराम कुळाची नागोबा जत्रा भरते. आपल्याकडूनही लोक तिकडे जातात. त्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन बसावे आणि लोकांची गाऱ्हाणी तिथेच ऐकावीत, हा दरबार हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने चाळीसच्या दशकात सुरू झाला. तो अजून भरतो. तालुक्याच्या कचेरीत चपराशासमोर उभे राहायला घाबरणारा माणूस आपल्या देवाच्या अंगणात मोकळेपणी बोलतो, ही साधी गोष्ट त्या पाहुण्याने ओळखली होती.

मारलवाईची शाळा

माझ्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठे काम १९४३ चे. त्या वर्षी मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडांमध्ये शिकलेली माणसे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनाच घेऊन शिक्षक तयार करायचे, त्यांनी आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकवायचे, असे ठरले. गोंडी वाचनाची पुस्तके तयार झाली. ती कोणत्या लिपीत छापावीत? राज्याची भाषा उर्दू, जिल्ह्यात तेलुगूही बोलली जाई. पण त्या भागातल्या गोंडांना मराठीची सवय होती, म्हणून देवनागरी निवडली गेली. गोंड मूल आधी गोंडी वाचायला शिकेल आणि त्याच अक्षरांवरून पुढे मराठीत जाईल, हा त्यामागचा हिशेब होता.

बी.एड.ला आम्ही सगळे एक सूत्र घोकतो: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप लिहितो. ते सूत्र जंगलात कसे वापरायचे, ते मारलवाईत दिसले.

यात हैदराबादचा एक विरोधाभासही आहे. हिंदुस्थानात उच्च शिक्षण इंग्रजीतूनच होऊ शकते, असे सगळे मानत असताना उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून विज्ञानाची, कायद्याची पुस्तके उर्दूत आणली गेली. आपल्या भाषेत शिकल्याने मूल पुढे जाते, हे त्या सरकारला इतके चांगले माहीत होते. तरी त्याच राज्यातल्या गोंड मुलाला आपल्या भाषेतले पहिले पुस्तक मिळायला १९४३ उजाडावे लागले, आणि ते सुचवणारा माणूस व्हिएन्नाचा होता.

या कामात एक मराठी माणूसही होता, त्याचे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानच्या सेवेतले अधिकारी. उर्दू-फारसीचे जाणकार, इतिहासकार. उर्दू काव्याची ओळख मराठी वाचकांना करून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. आदिलाबादला नेमणूक असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून घेतल्या आणि गोंडीचे व्याकरण लिहिले. हायमेनडॉर्फ दूरच्या देशातून आले होते. पगडी मराठवाड्यातून आले होते, पण गोंडांच्या दृष्टीने तेही परकेच. दोघांनीही बोलणे सुरू केले ते यजमानाच्या भाषेत. उर्दू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा एका माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात, हे दाखवायला पगडींचे उदाहरण पुरे आहे.

पुढे काय झाले

१९४९-५० च्या सुमारास हायमेनडॉर्फ लंडनला ‘सोआस’मध्ये शिकवायला गेले आणि तिथेच प्राध्यापक झाले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, शाळेची भाषा तेलुगू झाली आणि देवनागरीतली ती गोंडी पुस्तके मागे पडली. इकडे राजुऱ्यात शाळा मराठी झाली. एकाच कुळातली दोन चुलत भावंडे आता दोन वेगळ्या भाषांत नापास होऊ लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

निवृत्तीनंतर, सत्तरच्या दशकात, हायमेनडॉर्फ पुन्हा या डोंगरात आले. पट्टे मिळालेल्या कित्येक जमिनी पुन्हा बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्याचे त्यांना दिसले. १९८२ च्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या पुस्तकात त्यांनी ते स्पष्ट लिहिले. आपण केलेले काम मोडताना पाहिले की माणूस जुन्या आठवणी सांगत बसतो. त्यांनी गावांची नावे घेऊन नुकसान नोंदवले.

त्यांच्यावर टीका करणारेही आहेत. एका सरंजामी सरकारचा पगार घेऊन त्यांनी काम केले, आणि गोंडांविषयी जग जे वाचते ते परक्याच्या नजरेचे आहे, असे म्हणता येते. त्यात तथ्य आहे. गोंडांचा इतिहास गोंडांनीच लिहावा, हे खरेच. पण तो लिहायला आज जी तरुण मुले पुढे येत आहेत, त्यांना आजोबांच्या तोंडच्या कथा त्याच वह्यांत सापडतात, हेही तितकेच खरे.

१९८७ च्या जानेवारीत बेटी हैदराबादला वारल्या. त्यांना मारलवाईत दफन केले गेले. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले आणि त्यांचीही समाधी आता पत्नीशेजारी मारलवाईत आहे. गावकरी दर जानेवारीत दोघांची आठवण करतात. त्याच मारलवाईचे गुसाडी नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पूर्वी ज्या नाचाचे फोटो परदेशी माणूस काढत होता, तो नाच शिकवणाऱ्या गावातल्या माणसाचा देशाने सन्मान केला.

आपल्या वर्गातला मेहमान

हे सगळे आज का सांगायचे? कारण प्रश्न संपलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत. राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे १९५६ पासून लिहिलेले आहे. आपल्या उर्दू शाळांसाठी आपण याच कलमाचा आधार घेतो. उर्दू शाळेत शिक्षक कमी पडले, पुस्तके उशिरा आली की आपण निवेदने देतो, आणि ते योग्यच आहे. मग तोच हक्क आपल्या शेजारच्या गोंड आणि माडिया मुलाचा नाही का?

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा इथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदा आमटे यांनी तिथे आधी माडिया भाषा शिकून घेतली, मग औषध दिले, मग शाळा काढली. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिच्या मान्यतेचा प्रश्न पुढे उभा राहिला. पण मारलवाईचा विचार आता गावकरीच मांडत आहेत, बाहेरच्या पाहुण्याची त्यांना गरज राहिलेली नाही.

शिक्षिका म्हणून एक साधी गोष्ट सांगते. आपले मूल घरी ‘पानी’ म्हणते आणि शाळेत ‘पाणी’ शिकते. एका अक्षराचा फरक, दोन दिवसांत जुळून जाते. गोंड मुलाच्या घरी पाण्याला ‘येर’ म्हणतात. त्याच्यासाठी ‘पाणी’ हा शब्द आणि वर्गातला फळा दोन्ही परकेच. आपल्याच जंगलात, आपल्याच जिल्ह्यात, ते मूल वर्गात मेहमान होऊन बसते. तहान लागली तरी मागायचे कसे, ते त्याला कळत नाही. बाई त्याला ‘मंद’ समजतात. चौथी-पाचवीपर्यंत ते तसेच बसून राहते आणि मग एक दिवस येईनासे होते.

अशा मुलाला दोन-चार शब्द त्याच्या भाषेतले ऐकू आले तर काय होते, ते मी अनेकदा पाहिले आहे. ते वर पाहते. बस, इतकेच. पण शिकण्याची सुरुवात तिथून होते.

म्हणून या महिन्यात आई-वडिलांना एक विनंती आणि मुलांना एक काम. आपल्या वस्तीत, बाजारात, शाळेत, शेतावर गोंडी किंवा माडिया बोलणारे कुणी ना कुणी असतेच. सुट्टीत एक वही करा. डाव्या बाजूला उर्दूतला शब्द, मध्ये मराठी, उजवीकडे गोंडी. पाणी, आग, झाड, आई, भाकर, ताप, पाऊस, असे पन्नास शब्द. विचारताना अदबीने विचारा, ज्याने सांगितले त्याचे नाव वहीत लिहा आणि शेवटी वही त्याला नेऊन दाखवा. हाही एक शौक आहे, पतंग आणि मोबाइलइतकाच मजेचा, आणि त्याला पैसा लागत नाही. दिवाळीत दंडारी जवळपास आली तर मुलांना घेऊन जा. यजमानाची इजाजत घेतल्याशिवाय फोटो काढू नका.

जमीन अल्लाहची आहे आणि आपण सगळेच इथे थोड्या मुक्कामाचे मुसाफिर आहोत, असे आपण म्हणतो. मुसाफिराकडे सामान थोडे असावे, पण ज्याच्या दाराशी तो थांबला त्याची भाषा त्याला दोन शब्द तरी यावी. वह्या तयार झाल्या की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. चांगल्या वह्यांतले शब्द पुढच्या एखाद्या अंकात, इन्शाअल्लाह, याच पानावर छापू, सांगणाऱ्याच्या परवानगीने आणि त्याच्या नावासह.